शिरपूरच्या वाटणीतले चाळीस कलदार: झिजेने नेमकं किती घटतं?

शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरात दोन भाऊ आणि एक बहीण यांची वाटणी झाली. जमीन, घर, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं कागदावर उतरलं. मागे राहिला देव्हाऱ्यातला पितळी डबा. त्यात चाळीस सुटे चांदीचे रुपये, म्हणजे इंग्रज काळातले कलदार, होते आणि सात रुपयांना कड्या झाळून केलेली एक माळ होती. थोरल्याचं म्हणणं होतं की सगळं मोडीत घालून पैशांचे तीन भाग करावेत. धाकट्याने मोबाइलवर ‘जुन्या रुपयाला लाखो’ छापाच्या जाहिराती पाहिल्या होत्या, तो एकही नाणं विकायला तयार नव्हता. बहिणीला माळ हवी होती, पण बाकीच्या हिश्शातून तिची किंमत किती वळती करायची हे कुणाला सांगता येईना.

डबा पेढीवर गेला. सराफाने दोन-चार नाणी अंगठ्याने चोळून पाहिली, ‘रुपया पार घसाई ग्यात’ म्हणत सगळा ढीग एकत्र काट्यावर टाकला आणि सरसकट ७० टंच, म्हणजे शंभर भागांत सत्तर भाग शुद्ध चांदी, धरून भाव सांगितला. कारण दिलं झिजेचं. हे कारण कितपत खरं होतं आणि झीज खरोखर कुठे मारते, याची ही तपासणी.

डब्यात काय निघालं

आधी राजवटीप्रमाणे वाटे पाडले. व्हिक्टोरियाचे, म्हणजे राणी छाप, नऊ: एक १८४० चा, पाच १८६२ चे आणि तीन ‘एम्प्रेस’ लिहिलेले, १८७७ नंतरचे. सातव्या एडवर्डचे आठ. पाचव्या जॉर्जचे चौदा, त्यांत एक १९११ चा. सहाव्या जॉर्जचे नऊ, सगळे १९४० ते १९४५ मधले.

शेवटचे नऊ सर्वांत आधी बाजूला काढायला हवेत. १८३५ च्या कायद्याने ठरलेला कलदार १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, टंचाच्या भाषेत ९१.६७, ढोबळ ९२. नव्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. महायुद्धात चांदी कमी पडू लागली तेव्हा १९४० पासून रुपयाचं वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त असा तो मिश्रधातू. शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. ओळख सोपी आहे. साल वाचता येत नसलं तर नाणं उभं धरून कड पाहा. जुन्या कलदाराच्या कडेला साध्या उभ्या रेघा असतात, युद्धकाळातल्या रुपयाच्या कडेत त्या रेघांच्या मधून एक आडवी खाच फिरलेली दिसते. शिवाय अर्ध्या चांदीचा रुपया झिजला की नाकाडावर आणि कानावर पिवळट-तपकिरी झाक येते, कारण आतला तांब्याचा वाटा उघडा पडतो. ९२ टंचाचं नाणं झिजलं तरी पांढरं ते पांढरंच राहतं.

७० टंच कुठून आलं असेल, हे इथेच कळतं. ९२ आणि ५० यांची मधली संख्या साधारण ७१. पण डब्यात निम्मे-निम्मे नव्हते. ९२ चे एकतीस होते आणि ५० चे नऊच. अशी सरासरी धरली की गिऱ्हाईक बुडालंच.

वजनातली झीज

०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक नाणं वेगळं तोललं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये, कारण ढीग एकत्र तोलला की कुठलं नाणं किती झिजलं ते कधीच कळत नाही. काटा सपाट जागी ठेवा, पंखा बंद करा, दर दहा नाण्यांनी शून्य तपासा.

एकतीस कलदारांचं मूळ वजन ३६१.५ ग्रॅम व्हायला हवं होतं, भरलं ३५३.३ ग्रॅम. घट ८.२ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या थोडी वर. नऊ युद्धकाळातल्या रुपयांचं मिळून १०४.१ ग्रॅम, म्हणजे त्यांत घट ग्रॅमभरही नाही. ते उशिरा निघाले, थोडा काळच हातात फिरले.

आता शुद्ध चांदी काढू. ३५३.३ चे बारा भागांतले अकरा म्हणजे ३२३.८६ ग्रॅम. १०४.१ चे निम्मे ५२.०५. एकूण ३७५.९ ग्रॅम. सगळा ढीग ४५७.४ ग्रॅमचा, म्हणजे खरा सरासरी टंच ८२. सराफाच्या ७० टंचाने हीच चांदी ३२० ग्रॅम धरली जात होती. फरक ५५.७ ग्रॅमचा. हिशोबापुरता चांदीचा भाव १०० रुपये ग्रॅम धरला तर ५,५७० रुपये. आणि ज्या झिजेचं कारण पुढे केलं होतं, तिने चाळीस नाण्यांतून मिळून फक्त आठ ग्रॅम शुद्ध चांदी नेली होती, म्हणजे ८०० रुपये. शिवाय ती घट काट्यावर आधीच दिसत असते. झिजलेलं नाणं कमी वजन दाखवतं आणि तेवढाच कमी पैसा मिळतो. झिजेसाठी टंच उतरवणं म्हणजे एकाच घटीचे पैसे दोनदा कापणं. नाणं कितीही घासलं गेलं तरी उरलेल्या धातूचा टंच तोच राहतो.

खानदेशात आणखी एक खाच सतत नडते. ‘एक रुपया म्हणजे एक तोळा’ हे जुन्या माणसांच्या तोंडात पक्कं बसलेलं आहे आणि ते जुन्या तोळ्यासाठी खरंही होतं. आज पेढीवर तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. ‘चाळीस रुपये, चाळीस तोळे’ असा हिशोब मान्य केला की दर रुपयामागे दीड ग्रॅमच्या आसपास धातू फुकट जातो. म्हणून बोलणी ग्रॅममध्येच करावीत.

जुना कायदाही इथे आठवण्यासारखा आहे. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपया मूळ वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त हलका झाला की तो व्यवहारात घेणं बंधनकारक नव्हतं. ग्रॅममध्ये ती मर्यादा ११.४३ वर येते. या डब्यातल्या नऊ राणी छापांपैकी सहा त्या रेषेखाली होते. त्या काळी ते परत फिरवता आले असते, आज त्यांतल्याच काहींना सर्वांत चांगला भाव मिळू शकतो.

जागेवरची झीज

१८६२ च्या पाच नाण्यांपैकी दोन शेजारी ठेवली. पहिलं ११.५८ ग्रॅम, दुसरं ११.३१ ग्रॅम. फरक ०.२७ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी पाव ग्रॅम, वरच्या भावाने २५ रुपये. पण संग्राहक पहिल्याला दुसऱ्याच्या कित्येक पट देईल.

कारण नाण्याच्या रचनेतच आहे. चित्रातले सर्वांत उंच भाग टोकदार आणि लहान असतात. खिसा, थैली, दुसरं नाणं, बोट, जे काही घासतं ते आधी या टोकांना लागतं आणि सगळा दाब एवढ्याशा जागेवर पडतो. म्हणून पहिले काही सेंटिग्रॅम भराभर जातात आणि नेमका संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो तो बारकावा घेऊन जातात. टोकं सपाट झाली की घासण्याची जागा रुंदावते, झीज पसरते आणि पुढे वजन घटलं तरी चित्रात फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे ११.६६ वरून ११.५५ वर येताना नाण्याचं जेवढं मोल जातं, तेवढं ११.३५ वरून ११.२५ वर येताना जात नाही.

राणीच्या नाण्यावर झीज एका ठरलेल्या क्रमाने चढते. आधी कानावरचे केस आणि मुकुटाच्या कमानीवरचे मणी जातात. मग झग्याच्या छातीवरची वेलबुट्टी, मग वेणीचे पेड, शेवटी मुकुटाची खालची पट्टी. मागच्या बाजूला आधी फुलांच्या पाकळ्या आणि पानांच्या शिरा. अक्षरं सर्वांत शेवटी, कारण काठाची उंच कड त्यांना सांभाळते. ११.५८ च्या नाण्यावर वेलबुट्टीचं एकेक फूल वेगळं मोजता येत होतं, केसांचे पेड सुटे होते, फक्त कानाजवळ सपाटी दिसली. संग्राहकांच्या दर्जांत हे चांगलं ‘व्हेरी फाइन’, पारखी माणूस कदाचित थोडं वरही धरेल. ११.३१ वर छातीचा भाग पाटीसारखा सपाट, मुकुटाची बाह्यरेषा तेवढी उरलेली, अक्षरं मात्र सगळी वाचता येणारी. हे त्याखालच्या ‘फाइन’ दर्जाच्याही खालचं.

१८६२ च्या रुपयाची आणखी एक गंमत आहे. पुढची दहाएक वर्षं टांकसाळीने नाण्यावरचा १८६२ हा आकडा बदललाच नाही. साल बदललेले रुपये १८७४ पासून दिसू लागतात. मधल्या वर्षांच्या खुणा म्हणून तारखेच्या आसपास बारीक ठिपके येतात आणि संग्राहक ते भिंगाखाली मोजतात. ठिपका किती का बारीक असेना, तो झिजला की नाणं कुठल्या प्रकारचं हे सांगता येत नाही आणि गिऱ्हाईक त्याला सर्वांत साध्या प्रकारातच धरतं. पाचांपैकी तीन नाण्यांवर ठिपके स्पष्ट मोजता आले. ११.२४ च्या नाण्यावर एक ठिपका आहे की धातूची गाठ आहे, यावर दहापट भिंगानेही निकाल लागला नाही. अशा वेळी विकणाऱ्याने जास्त ठिपक्यांचा दावा करू नये. पारखी गिऱ्हाईक एका खोट्या दाव्यावरून बाकीच्या नाण्यांवरही शंका घेतं.

१८४० च्या रुपयाचं तसंच. वजन ११.२२, चेहरा बराच गेलेला. पण राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग आहेत की मधे तुटून दोन बाजूंना आहेत, हा मुख्य भेद झिजलेल्या नाण्यावरही सहज कळतो. हरवतात ती मानेच्या कापावरची कोरणाऱ्याची बारीक अक्षरं. या नाण्यावर तिथे नुसता गुळगुळीत भाग उरला होता.

झीज आणि अर्धवट ठसा यांत घोळ होऊ देऊ नये. नाणं दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवा. ठसाच कमी बसला असेल तर सपाट जागेवरूनही उजेडाचा पट्टा सरकत जातो. झीज असेल तर तो पट्टा उंच भागावर येऊन मरतो, तिथे राखाडी, मेलेला पृष्ठभाग दिसतो.

चकाकणारं नाणं

एम्प्रेसच्या तीन नाण्यांपैकी सर्वांत देखणं ११.४४ ग्रॅमचं होतं. घरातल्या सगळ्यांनी तेच उत्तम ठरवलं होतं. दोन टक्क्यांच्या मर्यादेतही ते बसत होतं. प्रत्यक्षात तेच सर्वांत नासलेलं निघालं. कुणीतरी ते उजाळ्यासाठी पेढीवर दिलं होतं आणि फिरत्या बफाने, म्हणजे चकाकी आणणाऱ्या चाकाने, त्याच्या अंगावर एकाच दिशेच्या बारीक रेघा उठल्या होत्या. अक्षरांच्या कडा गोलसर झाल्या होत्या. वापराने अक्षराचा माथा सपाट होतो पण बाजू उभी राहते, बफाने बाजूही लोळते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की चुकत नाही.

घरोघरी लक्ष्मीपूजनाला हेच छोट्या प्रमाणात होतं. रुपये चिंचेत भिजवायचे, राखेने किंवा भांड्यांच्या पावडरीने खसाखसा घासायचे, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा डब्यात. राखेतले वाळूचे कण चांदीपेक्षा कठीण असतात, ते सपाट पार्श्वभूमीवर ओरखडे काढतात. वापराची झीज पार्श्वभूमीला क्वचितच लागते. त्यामुळे प्रामाणिकपणे झिजलेला, काळवंडलेला ११.३१ चा रुपया संग्राहकाला चालतो आणि घासून लखलखीत केलेला ११.४४ चा चालत नाही. काळा थर म्हणजे चांदीवर गंधकाने धरलेला पातळ पापुद्रा. तो नाण्याचं काही बिघडवत नाही, उलट कुणी हात लावलेला नाही याची खूण पटवतो. तो रसायनात बुडवून काढला की चांदीचा थरही थोडा जातो आणि नाणं मेल्यासारखं पांढरं दिसतं.

पूजेसाठी दोन रुपये कायमचे वेगळे ठेवावेत, उजाळा दिलेला आणि युद्धकाळातला एखादा. बाकीच्यांना साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घेण्यापलीकडे काही करू नये. टिपायचं, पुसायचं नाही.

खरं-खोटं

झिजलेल्या नाण्यांच्या ढिगात खोटं नाणं लपवणं सोपं असतं, कारण ओतकामातला बोथटपणा झिजेच्या नावावर खपतो. म्हणून घनता पाहिली. ग्लासात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवायचा आणि आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरायचं. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्याने भागायचं. ९२ टंचाला १०.३ च्या आसपास येतं, युद्धकाळातल्या रुपयाला साडेनऊ, जर्मन सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूच्या नकलेला पावणेनऊच्या आत-बाहेर. ११.३१ च्या रुपयाने १.०९ ते १.१० दाखवलं, म्हणजे खरा. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त येतं आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात साबणाचा एकच थेंब टाकावा. एका नाण्यात ०.०१ ची चूक टक्काभर ठरते, म्हणून एकाच प्रकारची आठ-दहा नाणी जाळीच्या पिशवीत एकत्र बुडवून ताळा करावा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, वर राम दरबार किंवा मारुती असलेले १८१८ सालचे ‘चमत्कारी’ आणे या डब्यात नव्हते. असले तर ते नाणंच नव्हे, कुठल्याही टांकसाळीने ते पाडलेले नाहीत. लाखो रुपयांच्या जाहिरातींबद्दल धाकट्याला एवढंच सांगण्यासारखं होतं की रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागणाऱ्या अशा जाहिरातींविरुद्ध खुद्द बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं आहे.

वाटे कसे लागले

सालाची दुर्मिळता झिजेच्या जोडीने पाहावी लागते. पाचव्या जॉर्जचे १९१८ ते १९२० चे रुपये प्रचंड संख्येने निघाले. त्यासाठी अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले चांदीचे डॉलर वितळवून चांदी विकली होती. असा रुपया थोडा जरी झिजला तरी धातूच्या भावावर येतो. त्यांतले दोन मात्र ११.६२ आणि ११.६३ ग्रॅमचे, झग्याच्या साखळीतला हत्ती सोंडेसकट स्पष्ट आणि पार्श्वभूमीवर मूळ तेज असलेले निघाले. ते बाजूला ठेवले. १९११ च्या नाण्याचं उलटं. त्या सालचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, छपाई थांबवली, बराचसा माल बाहेर पडलाच नाही आणि १९१२ पासून ठसा सुधारला. डब्यातल्या १९११ चा हत्ती ओळखू येण्यापलीकडे झिजला होता, पण साल शाबूत असल्याने ओळख पक्की. अशा नाण्याला झीज भावात खाली ओढते, तरी धातूच्या किमतीपर्यंत नेत नाही.

अकरा नाणी संग्राहकांसाठी निघाली: १८४० चा एक, १८६२ चे पाच, उजाळा न दिलेले एम्प्रेस दोन, १९११ चा एक आणि पाचव्या जॉर्जचे ते दोन. उरलेली एकोणतीस धातूच्या भावाची. त्यांतली वीस ९२ टंचाची, वजन २२७.६ ग्रॅम, आणि नऊ ५० टंचाची १०४.१ ग्रॅम. शुद्ध चांदी २६०.७ ग्रॅम. दुसऱ्या पेढीने दोन ढीग वेगळे तोलून गाळणीची दोन टक्के घट कापली आणि २५५.५ ग्रॅमचे पैसे दिले. ही कापणी रास्त आहे, आटवताना काही धातू जातोच आणि भट्टीचा खर्च असतो. पहिल्या पेढीच्या ७० टंचाने याच एकोणतीस नाण्यांचे २३२ ग्रॅम झाले असते.

माळेचा हिशोब वेगळा करावा लागला. कडी झाळलेल्या रुपयाचं वजन १२ ग्रॅमच्या वर जातं, त्यामुळे तो झिजलाच नाही असं वाटतं. झाळेची चांदी हलक्या टंचाची असते आणि कडी कापली तरी काठावर डाग आणि तापल्याची झाक राहते. संग्राहकासाठी अशी नाणी बाद. शिवाय माळेतला रुपया अंगाच्या बाजूने कपड्यावर घासून गुळगुळीत होतो आणि दर्शनी बाजू टिकून राहते, म्हणून एकच बाजू पाहून दर्जा ठरवू नये. सातपुड्याच्या पायथ्याला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, रुपयांच्या माळांना दागिना म्हणून मागणी आहे. ती मोडून धातूच्या भावात घालणं हा तोटा ठरला असता. नाण्यांच्या वजनाला ९२ टंच आणि कड्या-झाळेला ६० टंच धरून माळेची किंमत लावली आणि ती बहिणीच्या हिश्शातून वळती केली.

अकरा नाण्यांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढून, वजन आणि दिसणारे दोष शेजारी लिहून तिघांनी एकेक प्रत ठेवली. निदान दोन जाणकारांकडून भाव आल्याशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. तोवर ती पितळी डब्यात एकमेकांवर घासत पडू नयेत म्हणून प्रत्येक नाणं कागदी पाकिटात गेलं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाने काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि रबरबँडमधला गंधक पट्ट्यापट्ट्याने काळं पाडतो, म्हणून दोन्ही बाद.